भुतांची ख्यालीखुशाली

मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला जायचे आणि आमरसाच्या वाट्या रिचवायच्या, हा प्रत्येक मराठी मुलाचा जन्मसिद्ध हक्क आहे. मीही तो बजावला. माझे मामा कऱ्हाडचे. त्यांच्या घरी इतर दिवशी आमरस असे तो पोळीबरोबर, पण २६ आणि २७ मे या दोन दिवशी आमरसाबरोबर पुऱ्या, कुरडया आणि बटाट्याची भाजी असा साग्रसंगीत बेत असायचा. ताटे वाढून झाली की मामी पदराला हात पुसत म्हणायची, "चला बसा. आज पीटररावांचा वाढदिवस." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आज दोघांचा एकदम. व्हिन्सेंटराव आणि धाकटे ख्रिस्तोफरराव."

हे कोणी दूरचे नातेवाईक असावेत अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. आजोळच्या गोतावळ्यात बेळगावचे आप्पा होते, इचलकरंजीचे भाऊसाहेब होते, तसेच हे कोठले तरी पीटरराव. ते कधी घरी येत नाहीत, याचे मला नवल वाटले नाही. बेळगावचे आप्पा तरी कुठे येत होते? मी चौथीत असताना एकदा विचारले, "मामा, पीटरराव कुठे राहतात?" मामा म्हणाले, "इंग्लंडात, समुद्राच्या काठी. पण ते आता नाहीत." आणि मग जरा थांबून म्हणाले, "भुतांना मारायचे ते."

त्या रात्री मी मामीच्या कुशीत झोपले, हे सांगायला नकोच.

उलगडा पुढे झाला. १९८५ साली मामांनी एस. टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढली. त्या काळी तो धंदा जोरात होता. दहा रुपयांना एक रात्र अशी कॅसेट जाई, आणि लग्नसराईत तर व्हीसीआरसुद्धा भाड्याने द्यावा लागे. सर्वांत जास्त मागणी रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'ला. ती कॅसेट इतकी फिरली की शेवटी शेवटी तीत भूत दिसण्याऐवजी नुसत्या रेघाच दिसत, आणि गिऱ्हाईक म्हणे, "रेघा चालतील, आवाज आहे ना?" या कमाईवर मामा मुंबईहून आपल्या आवडीच्या कॅसेटी आणत. त्या सहसा कोणी नेत नसे. त्यांचे एक वेगळे फडताळ होते, आणि त्यावर मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते : 'हॅमर'.

हॅमर ही लंडनची एक छोटी चित्रपट कंपनी. टेम्स नदीच्या काठी ब्रे या गावी एक जुने मोठे घर होते, तोच त्यांचा स्टुडिओ. पैसा बेताचा, म्हणून तोच जिना, तेच दालन, तीच मेणबत्त्यांची झुंबरे रंग बदलून एका चित्रपटातून दुसऱ्यात जायची. १९५७ साली त्यांनी 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' काढला आणि १९५८ साली 'ड्रॅक्युला'. दोन्हींचे दिग्दर्शक टेरेन्स फिशर, दोन्ही रंगीत, आणि दोन्हींत तेच दोन नट समोरासमोर : पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली. एकात कुशिंग शास्त्रज्ञ आणि ली त्याने प्रेतांचे तुकडे जोडून बनवलेला राक्षस. दुसऱ्यात ली ड्रॅक्युला आणि कुशिंग त्याचा पाठलाग करणारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग. भुतांना मारणारे पीटरराव ते हेच.

मामांच्या दुकानात गल्ल्याखाली एक लांब रोजमेळ वही असे. तिच्यात जमाखर्च नव्हता; या मंडळींची ख्यालीखुशाली होती. प्रत्येक नटाला एकेक पान नेमून दिलेले. वर नाव, खाली जन्मतारीख, मग चित्रपट, मग 'बरोबरचे लोक', आणि शेवटी एक रकाना : 'तब्येत'. मुंबईला फाउंटनच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी मासिके मिळत, त्यांतली कात्रणे खळीने चिकटवलेली. कोणाला सन्मान मिळाला, कोणाचे ऑपरेशन झाले, कोण कोणाला भेटले, सारे त्यात टिपलेले. बातमी कऱ्हाडला पोहोचेपर्यंत कधी कधी वर्ष उलटलेले असे, पण मामा ती त्याच गांभीर्याने नोंदवीत. पत्र उशिरा पोहोचले म्हणून माणसाची काळजी कमी होते थोडीच?

त्या वहीतल्या बातम्या वाचताना एक गंमत ध्यानात येते. जे लोक जगाला घाबरवण्याचा धंदा करीत होते, ते खाजगीत कमालीचे सुसंस्कृत होते. व्हिन्सेंट प्राइसचेच पाहा. जन्म २७ मे १९११, अमेरिकेतल्या सेंट लुइसचा. पडद्यावर हा माणसांना भिंतीत चिणी. घरी मात्र तो कलेचा अभ्यासक होता आणि स्वयंपाकात निष्णात. १९६५ साली त्याने आणि त्याच्या पत्नीने मिळून पाककृतींचे एक जाडजूड पुस्तक काढले. त्याआधी १९५७ साली या जोडप्याने लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या एका सामान्य वस्तीतल्या कॉलेजला आपल्या संग्रहातल्या ९० कलाकृती देऊन टाकल्या. साध्या घरच्या मुलांनाही खरी चित्रे जवळून पाहता यावीत, हा हेतू. ते संग्रहालय आज त्याच्याच नावाने चालते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या 'राक्षसा'ला नमस्कार करावा, असे मला वाटते.

बोरिस कार्लॉफचे पान मामा विशेष अभिमानाने दाखवीत. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला तो मूळचा राक्षस. त्याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याचे वडील हिंदुस्थानात मिठाच्या खात्यात नोकरीला होते. पण मामांचा अभिमान त्याहून जवळचा. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली अ‍ॅना लिओनोवेन्स ही कार्लॉफच्या आजीची सख्खी बहीण, आणि ती जन्मली १८३१ साली आपल्या नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. वहीत या नोंदीखाली मामांनी लाल शाईने लिहिले आहे : 'म्हणजे तसे आपल्याकडचेच.'

आणि ख्रिस्तोफर ली. जन्म २७ मे १९२२. उंची सहा फुटांच्या वर चांगली चार-पाच इंच, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. हॅमरसाठी तो सात वेळा ड्रॅक्युला झाला. पहिल्या चित्रपटात त्याच्या तोंडी मोजकीच वाक्ये आहेत, तीही सारी सुरुवातीला; पुढे तो एक अक्षर बोलत नाही. १९६६च्या 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये तर त्याला बोलणेच नाही. पुढे याच लीने १९९८ साली पडद्यावर आलेल्या 'जिना' या चित्रपटात महंमदअली जिनांची भूमिका केली. ड्रॅक्युला झालेल्या माणसाने कायदेआझम व्हावे म्हणजे काय, असा पाकिस्तानात गहजब झाला. पण स्वतः ली ही आपल्या आयुष्यातली सर्वांत मोलाची भूमिका मानी. त्या चित्रपटात त्याच्याबरोबर आपले शशी कपूर होते. वहीत 'बरोबरचे लोक' या रकान्यात हे नाव आले, त्या दिवशी मामांनी मामीला हाक मारून दाखवले म्हणे. मामीला ड्रॅक्युलाचे काही नव्हते, पण शशी कपूरचे होते.

आपल्याकडे निळू फुले यांच्या वाट्याला हेच आले. पडद्यावर त्यांचा 'बाई' असा शब्द उमटला की थिएटरातल्या आयाबाया बोटे मोडीत. तो माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, साधा आणि सज्जन होता, हे त्यांना कोण सांगणार? वाईट माणूस उभा करायला चांगला माणूस लागतो, असे काहीतरी या धंद्याचे गणित असावे.

परंतु वहीतली सर्वांत जाड पाने पीटर कुशिंगची. एकात एक डकवलेली, फुगलेली. तेव्हा त्याच्याविषयी थोडे सविस्तर.

२६ मे १९१३ला इंग्लंडातल्या सरे परगण्यातल्या केन्ली गावी त्याचा जन्म. नाटकाचे वेड. १९३९ साली नशीब काढायला हॉलिवूडला गेला, लॉरेल आणि हार्डीच्या एका चित्रपटात लहानसे काम केले, आणि महायुद्ध पेटल्यावर घराच्या ओढीने परतला. १९४३ साली त्याने हेलन या नटीशी लग्न केले. युद्धानंतर काम मिळेना, तेव्हा हा गृहस्थ रेशमी स्कार्फांवर हाताने नक्षी रंगवून पोट भरी. १९४८च्या लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 'हॅम्लेट'मध्ये त्याला ऑझरिकचे काम मिळाले. त्याच चित्रपटात ख्रिस्तोफर लीही होता, पण नामावलीत नाव नसलेला भालदार म्हणून. पुढे १९५४च्या डिसेंबरात बीबीसीने ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' टेलिव्हिजनवर सादर केली. तीत विन्स्टन स्मिथ झाला तो कुशिंग. तो प्रयोग इतका अंगावर आला की पार्लमेंटात त्यावर चर्चा झाली.

कुशिंगचा अभिनय कशात होता, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, हातांत. ही दृष्टी माझी नाही, मामांची. ते कॅसेट थांबवून दाखवीत. कुशिंगचे हात कधी रिकामे नसत. चष्मा पुसणे, मेणबत्ती सरकवणे, पाइप झटकणे, वहीत टिपण घेणे. भूत आहे की नाही हा प्रश्न चर्चेत असताना हा माणूस शांतपणे हातमोजा काढीत असे, आणि म्हणून ते भूत खरे वाटे. सेटवरच्या वस्तूंशी त्याचे इतके सख्य होते की सहकारी त्याला 'प्रॉप्स पीटर' म्हणत. 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो फासावरून उतरवलेल्या प्रेताचे डोके कापतो आणि हाताला लागलेले रक्त नकळत आपल्या कोटाला पुसतो. पेन गळल्यावर आपण शाई पुसावी तसे! दिग्दर्शकाने हजार बादल्या रक्त ओतले असते तरी ते एवढे झोंबले नसते. त्याच चित्रपटात एका मुलीला तो राक्षसाच्या तोंडी देतो, आणि लगेच पुढच्या दृश्यात न्याहारीच्या टेबलावर गोड आवाजात मुरंबा मागतो.

आणि 'ड्रॅक्युला'चा शेवट! लांबच लांब टेबलावरून धावत जाऊन तो खिडकीच्या पडद्यावर झेप घेतो. पडदा फाटतो, सूर्यप्रकाश आत येतो. मग तो टेबलावरच्या दोन शमादान्या उचलून एकमेकींवर आडव्या धरतो आणि त्यांचा क्रूस होतो. मूळ संहितेत त्याने खिशातून क्रूस काढायचा होता. पण सारखे खिशातून क्रूस काढत राहिलो तर मी क्रूस विकणारा फिरता विक्रेता वाटेन, असे त्याचे म्हणणे. शमादान्यांची ती कल्पना त्याचीच. जे हाताशी आहे त्यातूनच रक्षण शोधायचे, हे त्या प्रसंगाचे मर्म आहे असे मामा म्हणत.

साहित्यशास्त्राच्या तासाला आम्हांला रस शिकवले. भरताने सांगितलेल्या आठ रसांत भयानक आहे. त्याचा स्थायी भाव भय. आणि अनुभावांत हातापायांचा कंप प्रामुख्याने येतो. कुशिंगचा फ्रँकेन्स्टाइन पाहिला की या सूत्राची दुसरी बाजू दिसते. त्याचे हात कापत नाहीत. म्हणूनच आपले कापतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

मी प्रथम वर्षाला असताना 'लोकप्रिय कला आणि अभिरुची' या विषयावर वर्गात एक चर्चासत्र झाले. मी निबंध वाचला. नव्यानेच कॉलेजात आलेल्या मुलीला आपण फार हुशार आहोत असे वाटते, तसे मलाही वाटत होते. भयपट ही बालबुद्धीची करमणूक कशी, तिच्या चाहत्यांचे भाबडेपण कसे, हे मी मोठमोठ्या शब्दांत मांडले. आणि पुरावा म्हणून मामांची रोजमेळ वही दाखवली. ती मी त्यांना न विचारता दुकानातून उचलून आणली होती. 'तब्येत' हा रकाना वाचून दाखवला तेव्हा वर्ग खदखदून हसला. "अमुक साली मोतीबिंदूचे ऑपरेशन, आता बरे आहे," असे मी मामांच्या सुरात वाचीत होते. टाळ्या पडल्या. कोणीतरी मागच्या बाकावरून 'ड्रॅक्युलामामा' असे नाव ठेवले आणि ते दिवसभर गाजले. मीही हसले. मीच सर्वांत जास्त हसले.

त्या आधीच्याच पावसाळ्यात, २०२२ साली, मामी गेली होती.

हे मी मुद्दाम या क्रमाने लिहिते आहे. कारण माझ्याही मनात तेव्हा हे असेच मागे पुढे झालेले होते. घरात एवढे झाले आणि हे गृहस्थ अजून भुतांच्या तारखा लिहीत बसतात, असा माझ्या हसण्यात एक रागही होता. मामी माझी फार लाडकी होती.

वही मी परत नेऊन ठेवली. मामा काही बोलले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा दुकानात गेले. व्हिडिओ लायब्ररी २००३ सालीच बंद पडली. अर्धा गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने दिला आहे, उरलेल्या अर्ध्यात बुरशी चढलेल्या कॅसेटी आणि मामा. मामा जेवायला घरी गेले होते. मी सहज वही काढली, तो पुठ्ठ्यावर खोडरबराने घासघासून पांढरी पडलेली एक जागा दिसली. उजेडात तिरकी धरल्यावर आत दबलेली अक्षरे वाचता आली : 'ड्रॅक्युलामामा'. वर्गात कोणीतरी पेन्सिलने लिहिले होते, माझ्या लक्षात आले नव्हते. मामांच्या आले होते. त्यांनी ते पुसले आणि मला एका शब्दाने विचारले नाही.

मी तिथेच स्टुलावर बसून वही पहिल्यापासून वाचली. या वेळी कोणी ऐकायला नव्हते.

कुशिंगच्या पानांत मधोमध हेलनचे एक पान होते. चित्रपटांच्या यादीत तिचे नाव फारसे नाही. ती त्याची बायको, एवढीच तिची प्रसिद्धी. तिला दम्यासारखा छातीचा जुना विकार. १९७१च्या सुरुवातीला कुशिंग एका चित्रपटाचे काम करीत होता. एक दिवस काम झाले आणि तिचे दुखणे विकोपाला गेल्याचे कळले. त्याने चित्रपट सोडला आणि घर गाठले. १४ जानेवारी १९७१ रोजी ती गेली. त्यानंतर हा माणूस तेवीस वर्षे जगला आणि त्या तेवीस वर्षांत तिच्याकडे जाण्याची वाट पाहतो आहे, असे त्याने स्वतः लिहूनही ठेवले. पण हातपाय गाळून बसला नाही. उलट येईल ते काम घेत सुटला. १९७२च्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मध्ये त्याला वेगळीच भूमिका देऊ केली होती; त्याने मागून घेतली ती एका म्हाताऱ्या विधुराची, जो मेलेल्या बायकोशी बोलत असतो. १९७५च्या 'द घूल'मध्ये त्याच्या पात्राच्या दिवंगत पत्नीचा म्हणून जो फोटो दिसतो, तो खऱ्या हेलनचा आहे. आपण ज्याला स्वस्त भयपट म्हणून नाक मुरडतो, त्यात एक माणूस आपले खरे सुतक पाळीत होता.

आणखी एक नोंद होती, 'बरोबरचे लोक' या रकान्यात. हेलन गेली त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पेनमध्ये माद्रिदला 'हॉरर एक्सप्रेस'चे चित्रण होते. तिच्याविना येणारा तो पहिला नाताळ. कुशिंग तिथे पोहोचला आणि निर्मात्याला म्हणाला, मला हे जमणार नाही, मी परत जातो. तेव्हा ख्रिस्तोफर ली त्याच्यापाशी जाऊन बसला. त्याने सांत्वन केले नाही, उपदेश केला नाही. जुन्या चित्रपटांच्या गप्पा काढल्या, इकडचे तिकडचे किस्से सांगितले. गप्पांच्या ओघात परत जायचे राहून गेले. चित्रपट पुरा झाला. दोघांनी एकत्र केलेल्या वीसहून अधिक चित्रपटांत तो चाहत्यांचा आजही लाडका आहे.

हे वाचताना मला शेजारचा मोबाइलवाला आठवला. मामीचे दिवसकार्य झाल्यावर तो रोज संध्याकाळी आपले दुकान उघडे टाकून मामांच्या स्टुलावर येऊन बसे. एरवी सिनेमातले ओ की ठो न कळणारा तो माणूस विचारी, "काका, तो पहिला ड्रॅक्युला कुठल्या साली म्हणालात?" मामा सांगत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेच विचारी. मला तेव्हा वाटे, काय हा विसरभोळा!

हेलनच्या पानाच्या तळाशी १४ जानेवारी १९७१ या तारखेखाली मामांनी दुसरी एक तारीख लिहिली होती. मामीची. पुढे मागे एक शब्द नाही. नुसत्या एकाखाली एक दोन तारखा, बेरजेला मांडल्यासारख्या.

मी वही मिटून ठेवली. मामा जेवून आले. मी क्षमा मागायची म्हणून तोंड उघडले आणि भलतेच बोलले. आपल्याकडे घरात क्षमा मागण्याची रीत नाही, त्याऐवजी आपण काहीतरी खायला किंवा दाखवायला आणतो. मी म्हटले, "मामा, तुम्हांला एक दाखवू? पीटरराव परत आलेत." आणि मोबाइलवर 'रोग वन' लावला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. १९७७च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये कुशिंगने टार्किन नावाचा क्रूर सेनाधिकारी रंगवला होता. त्याला दिलेले बूट इतके घट्ट होते की बरीचशी दृश्ये त्याने सपाता घालून केली आणि कॅमेरा गुडघ्यांच्या वर ठेवला गेला. समोर काम करणारी कॅरी फिशर सांगे की इतक्या सभ्य माणसाकडे द्वेषाने पाहणे हेच तिला अवघड जाई. त्याला मरून बावीस वर्षे झाल्यावर, २०१६ साली आलेल्या 'रोग वन'मध्ये तोच टार्किन पुन्हा दिसला. गाय हेन्री नावाच्या दुसऱ्या नटाने काम केले आणि संगणकाने त्याच्या तोंडावर कुशिंगचे तोंड चढवले. संबंधितांची संमती घेतलेली होती. तरी त्यावरून पुढे लंडनच्या न्यायालयात दावाही उभा राहिला. चाहत्यांत मात्र तेव्हा ही केवढी मोठी बातमी झाली होती! आपला माणूस परत आला म्हणून काहींना आनंद झाला, काहींना कसेसेच झाले. मामांच्या वहीत मात्र ती बातमी नव्हती.

मामांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. दोन मिनिटे पाहिले. म्हणाले, "मी पाहिलंय हे. तोंड त्याचंच आहे."

"मग वहीत का नाही लिहिलंत?"

"अगं, हात दुसऱ्याचे आहेत."

मी गप्प बसले. मामांनी मोबाइल परत दिला आणि सवयीने समोरची एक कॅसेट उचलून फडक्याने पुसायला घेतली. म्हणाले, "तोंड काय, फोटोतही असतं. माणूस हातात असतो. तुझी मामी गेली, तिचा फोटो आहे भिंतीवर. पण पोळी लाटताना तिची बांगडी वर सरकायची, ती काही फोटोत नाही." कॅसेट पुसून झाली, त्यांनी दुसरी घेतली. "आणि मागे राहिलेल्या माणसाच्यासुद्धा हाताला काहीतरी लागतंच बघ. पीटररावांना लागलं. मला लागतं. तुला हसायला आलं, त्याचं मला काही वाटलं नाही."

म्हणजे त्यांना सारे माहीत होते.

मी पुष्कळ विचार केला. चाहता म्हणजे काय? मी निबंधात लिहिले होते तसा भाबडा, भ्रमात जगणारा माणूस? 'रोग वन'मध्ये तंत्रज्ञांनी उभा केलेला कुशिंग हुबेहूब होता, पण माझ्या 'भाबड्या' मामांनी तो पहिल्या दोन मिनिटांत ओळखला. कारण चाळीस वर्षे त्यांनी फक्त भूत पाहिले नव्हते, भुतामागे राबणारा माणूस पाहिला होता. आपल्याला घाबरवण्यासाठी कोणी मन लावून कष्ट घेतो, आणि आपण दूर कऱ्हाडात बसून त्याच्या मोतीबिंदूची चौकशी ठेवतो. हा व्यवहार मला आता हास्यास्पद वाटत नाही. हिशेब चोख आहे. भीतीच्या बदल्यात माया.

ही सारी मंडळी आता गेली. कार्लॉफ १९६९ साली गेला. १९८३च्या 'हाउस ऑफ द लाँग शॅडोज'मध्ये प्राइस, ली, कुशिंग आणि जॉन कॅराडीन असे चौघे एकत्र आले होते. त्यांतला कॅराडीन १९८८ साली आणि प्राइस १९९३ साली गेला. कुशिंग केंट परगण्यातल्या व्हिट्स्टेबल या समुद्राकाठच्या गावी राहिला. तिथे त्याने हेलनच्या आणि आपल्या नावाने गावाला एक बाक दिला आहे. त्यावर बसले की समुद्र दिसतो. १९९४ सालच्या मे महिन्यात त्याने आणि लीने हॅमरच्या इतिहासावरच्या एका माहितीपटासाठी शेवटचे एकत्र काम केले, दोघे मित्र जुन्या आठवणींत रमले, आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला तो गेला. ली २०१५च्या जूनमध्ये गेला, ९३ वर्षांचा होऊन. ज्याच्या त्याच्या पानावर 'तब्येत' या रकान्यात मामांनी शेवटची नोंद केली आहे. कोठेही 'मृत्यू' हा शब्द नाही. लिहिले आहे : 'आता बरे आहे.'

गेल्या २६ मे रोजी मी कऱ्हाडला होते. मामांनी स्वतः आंबे पिळले होते. पुऱ्या मी केल्या, त्या फुगल्या नाहीत. रसात साखर फार झाली होती आणि दोन ठिकाणी कोयीच्या दशा तशाच राहिल्या होत्या. मोबाइलवालाही जेवायला होता. पहिला घास घेण्याआधी तो म्हणाला, "काका, तो पहिला ड्रॅक्युला कुठल्या साली?"

"१९५८," मी सांगितले.

मामांनी माझ्याकडे पाहिले आणि वाटी पुढे सरकवली. म्हणाले, "घे अजून. पीटररावांचा वाढदिवस आहे."

— तृतीय वर्ष कला